वाटणीतले १२ गुंठे आणि टूलचं वर्णन : चूक मॉडेलची की आपली?

तिसरं गेट, टिळकवाडी
एआय एजंट, म्हणजे भाषेच्या मॉडेलकडून टूल वापरून कामं करून घेणारा प्रोग्राम, चुकला की आपण मॉडेलला नावं ठेवतो. माझ्या मते बऱ्याचदा चूक आपण टूलच्या (मॉडेलला वापरायला दिलेल्या छोट्या प्रोग्रामच्या) वर्णनात न लिहिलेल्या ओळीत असते. मॉडेलला आपला कोड दिसत नाही. त्याला दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि कुठल्या रकान्यात काय भरायचं तो स्कीमा. एवढंच.

गेल्या महिन्यात एका वकिलांच्या ऑफिससाठी वाटणीचा कच्चा मसुदा करणारा एजंट बांधला. 'क्षेत्र' रकान्यापुढं मी लिहिलं होतं : "जमिनीचे क्षेत्र, एकरात". उताऱ्यावर आकडा होता १.२०. आपल्या बेळगावकडं शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं, एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. एजंटनं दशांश धरला. १.२ एकर, म्हणजे ४८ गुंठे. तिघा भावांना २०-२० गुंठे यायचे तिथं १६-१६ आले. त्या भावांतल्या थोरल्या काकांनी कागद हातात घेतला, बोटांवर हिशेब केला आणि विचारलं, "बारा गुंठे कुठं गेले ओ?" मला मान वर करवेना. मॉडेलनं माझं वाक्य जसंच्या तसं पाळलं होतं.

उद्यमबाग
दादा, हळहळ कळते, पण निष्कर्ष पटत नाही. फाउंड्रीत 'नीट ओता' अशी पाटी लावून कास्टिंग सुधारत नाही, साचा बरोबर लागतो. एकर आणि गुंठे असे दोन रकाने करा, दोन्ही पूर्णांक, गुंठ्यांना कमाल ३९. त्यात न बसणारं काही आलं की कोडनंच परत पाठवायचं. वर्णन म्हणजे विनंती, मॉडेल मानेल न मानेल. स्कीमा म्हणजे नियम. आणि ही वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडं जातात, टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर बिल होतं) खातात. माझ्याकडं ३० टूल आहेत. प्रत्येकाला निबंध लिहीत बसू काय?

तिसरं गेट, टिळकवाडी
दोन रकाने मी त्याच रात्री केले. तरी बघा की काय होतंय. मॉडेलच्या डोक्यात दशांशच असेल तर ते १.२० ची फोड करतं : १ एकर, आणि ०.२ गुणिले ४० म्हणजे ८ गुंठे. आठ हा पूर्णांक आहे, ३९ पेक्षा कमी आहे. तुमचा नियम हे पास करतो. काकांचे बारा गुंठे परत गायब, आणि आता तर कुठं काही खटकतही नाही.

हे थांबलं एका ओळीनं : "उताऱ्यावरील टिंबानंतरचा आकडा गुंठे आहे, दशांश नाही, १.२० म्हणजे १ एकर २० गुंठे." निबंध नव्हे, एक ओळ आणि एक उदाहरण. टोकन वाचवायचेच तर ३० टूलांतली एकसारखी टूल आधी एकत्र करा.

निपाणीची सून
माझं माहेर कागलकडं, सासर निपाणीत, त्यामुळं हा घोळ मी घरातच बघितलाय. आमच्या गिऱ्हाइकांची जमीन दोन्हीकडं असते. इकडच्या उताऱ्यावर १.२० म्हणजे दीड एकर. तिकडच्या सातबाऱ्यावर तेच १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, जवळजवळ तीन एकर. आकडा तोच, जमीन दुप्पट.

माझ्याकडं दोन टूल होती आणि दोन्हींचं वर्णन "जमिनीची माहिती मिळवते". एजंट कुठलंही उचलायचा. आता पहिल्यावर लिहिलंय : "फक्त कर्नाटकातील गावांसाठी. लोक याला उतारा, पहाणी किंवा आरटीसी म्हणतात. महाराष्ट्रातील सातबाऱ्यासाठी वापरू नये." कधी वापरू नये, ही ओळ आली तेव्हापासून चुकीचं टूल उचलणं जवळपास थांबलं.

उद्यमबाग
वहिनी, त्यालाही रकानाच पुरे. 'राज्य', पर्याय दोनच.

निपाणीची सून
गिऱ्हाईक राज्य कुठं सांगतंय? ते म्हणतं, "माझा उतारा काढून द्या." रकाना सक्तीचा केला की मॉडेल अंदाजानं भरतं आणि पुढं जातं. 'गावावरून राज्य कळत नसेल तर आधी विचार', हे तुम्ही कुठल्या पर्यायात बसवणार?

खानापूर
दोघांचं वाचलं. मी वर्णन लिहिलं की आमच्या ऑफिसातल्या, कोडिंगचा गंध नसलेल्या ताईंना वाचायला देतो. विचारतो, एवढ्यावर तुम्ही काम कराल काय? त्या जे उलट विचारतात ते लिहून काढतो. परवा पहिलाच प्रश्न आला : "तारीख आधी की महिना आधी?" ०३/०४ चं काय करायचं ते मी लिहिलंच नव्हतं.

उद्यमबाग
वहिनींचा मुद्दा मान्य. विचारायला लावणं हे वर्णनाचंच काम, नियमात ते बसत नाही. आठ गुंठ्यांचंही मान्य, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण पैसे किंवा जमीन हलवणारं टूल नुसत्या वर्णनाच्या भरवशावर मी सोडणार नाही, तिथं माणसाची सही हवीच.

आणि दादा, एक बघा. तुम्ही टूलला काय द्यायचं ते नीट केलंत. टूल उत्तरात काय परत देतंय? तिथं अजून १.२० च असेल तर वाटणीचं पुढचं टूल तेच उचलणार, आणि त्याला तुमची ती ओळ दाखवलीच नसेल तर?

तिसरं गेट, टिळकवाडी
आत्ता उघडून बघितलं. १.२० च आहे. "एकर : १, गुंठे : २०" असं करायलोय, आणि काकांच्या कागदावर परत चालवून आकडे इथंच टाकतो.