मामांचा पाय गुडघ्याखालून काढायचा म्हणतात, आधी अँजिओप्लास्टी (फुग्यानं रक्तवाहिनी मोकळी करणं) होते का? मदत हवी आहे

मामा ६२ वर्षांचे, गेवराईकडं शेती, शुगर जुनी. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलंय, कोरडं आहे, पू नाही, वास नाही, तापही नाही, पण पाऊल गार लागतं आणि रात्री पाय बाजेखाली लोंबकळत सोडल्याशिवाय झोप येत नाही. डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केला, गुडघ्याच्या खाली रक्त फार कमी चाललंय. सर्जन म्हणले नुसती बोटं काढली तर जखम भरणार नाही, कारण तिथं रक्तच पोचत नाही. पटतं, ओळखीत एकाचं आधी बोट मग पाऊल मग पाय असं हप्त्याहप्त्यानं झालेलं बघितलंय. पण शिरा मोकळ्या करून बघू असं अजून कुणी बोललंच नाही.

एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) १०.२, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.९, म्हणजे वाढलेलं, त्यामुळं सीटी अँजिओच्या (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) डायनं किडनीला त्रास होईल म्हणून डॉक्टर कचरतात. इन्सुलिन, ड्रेसिंग, अँटिबायोटिक चालू आहे, बिडी बंद केलीय (केली म्हणतात तरी). पू सुटला किंवा ताप आला तर थांबायचं नाही हे माहितीय. झाडपाल्याचा लेप प्लीज सुचवू नका. जन आरोग्य योजनेचं कार्ड आहे, संभाजीनगर नाहीतर लातूरपर्यंत नेता येईल, पुणे-मुंबई जमणार नाही.

व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनला दाखवून आधी अँजिओप्लास्टी आणि मग फक्त बोटं काढून भागलं असं कुणाच्या घरी झालंय का, अन् क्रिएटिनिन वाढलेलं असताना ती कशी केली, योजनेत बसली का?