मदत हवी आहे : वडिलांचा मोतीबिंदू, लेझर की साधी फेको?

वडील ७१ वर्षांचे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, ग्रेड ३. कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) सिलिंडर, म्हणजे वक्रतेतला असमानपणा, १.५. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू आहे. साध्या फेकोपेक्षा (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून खेचून काढणं) लेझरचा खर्च बराच जास्त सांगितलाय. पत्रकात 'बिनब्लेड, अधिक सुरक्षित' असं आहे. खरा फरक काय?

प्रतिसाद १
फेम्टोसेकंद लेझर फक्त सुरुवातीची कामं करतो : कॉर्नियाला छेद, लेन्सच्या पुढच्या आवरणाला साधारण ५ मिमीचं गोल भोक आणि मोतीबिंदूचे तुकडे. ते तुकडे खेचून काढायला फेकोचाच प्रोब आत जातो, नवी कृत्रिम लेन्सही हातानेच बसवतात. साध्या फेकोत हीच कामं सर्जन २.२ ते २.८ मिमीच्या छेदातून करतो. ब्रिटनची 'फॅक्ट' आणि फ्रान्सची 'फेमकॅट' या दोन्ही मोठ्या चाचण्या २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या. दृष्टीत किंवा गुंतागुंतींत लेझर सरस ठरला नाही. 'अधिक सुरक्षित' हे मला पटत नाही.

प्रतिसाद २
तुमच्या बाबतीत कळीची गोष्ट टॅमसुलोसिन आहे. त्याने आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) सैल पडतो, ऑपरेशन चालू असतानाच बाहुली आकसते आणि आयरिस छेदातून बाहेर येऊ पाहतो. गोळी काही दिवस बंद ठेवून हे हमखास टळत नाही, त्यामुळे स्वतःहून बंद करू नका. पण सर्जनला आधीच सांगा, म्हणजे बाहुली रुंद ठेवणारं इंजेक्शन, हुक किंवा रिंग तयार राहील. त्यात लेझरच्या माऱ्यानेही बाहुली आकसते, आणि आयरिसच्या आड लेझर पोचत नाही. थेंब घातल्यावर बाहुली किती मिमी उघडते, हे विचाराच. ५-६ मिमी उघडत नसेल तर लेझरचा विषय तिथेच संपतो.

प्रतिसाद ३
वाचलेले पैसे टोरिक (सिलिंडरही भरून काढणाऱ्या) लेन्सकडे वळवा. १.५ सिलिंडरला तिचा उपयोग होतो. मात्र ती ठरलेल्या अक्षावरच बसायला हवी : १० अंश फिरली तर सुमारे एक तृतीयांश परिणाम जातो. लेन्ससाठीच्या मोजमापाआधी डोळ्यांचा कोरडेपणा आटोक्यात आणा, नाहीतर कॉर्नियाचे आकडे दर वेळी वेगळे येतात. दोनदा मोजून घ्यायला संकोच करू नका.

धागाकर्ती
मनापासून आभार. नंतर पुन्हा लेझर करावा लागतो म्हणतात, तो हाच का?

प्रतिसाद २
नाही, तो याग लेझर. नव्या लेन्समागचं आवरण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट झालं, तर त्यात भोक पाडतात. ओपीडीत काही मिनिटांचं काम. फेम्टो केला म्हणून तो टळेल असं धरून चालू नका.