शब्दचर्चा: भाताचे 'रानभाऊबंद' की 'रानसोयरे'?

करवीर: शेतकऱ्यांसाठीच्या पत्रकात 'भाताचे वन्य नातेवाईक' असे छापायचे चालले आहे. वाचताना भाषांतर कळते. भाऊबंद म्हणावे, सोयरे म्हणावे, की सरळ 'गावरान भात' लिहावे?

खाचर: 'गावरान' अजिबात नको. आजरा घनसाळ, कोल्हापूरकडचा जुना भात, हे गावरान. पिढ्यान्‌पिढ्या लोंब्या निवडून माणसाने टिकवलेले. रानातले भात कुणी निवडले नाही की पेरले नाही. म्हणून त्याला 'वाण'ही म्हणू नये, 'प्रजाती' म्हणावे. बाकी माझे मत 'भाऊबंद'. आपले भात ओरायझा रुफिपोगॉन या रानभातातूनच उतरले आहे. रक्ताचे नाते म्हणजे भावकी.

तरवा: खाचरदादा, वंशावळ बरोबर आहे, पण पत्रक वंशावळीसाठी नाही. रानभात हवे ते त्याचे गुण आपल्या वाणात आणण्यासाठी, म्हणजे सोयरीक जुळवण्यासाठी. ठळक उदाहरण उत्तर प्रदेशातल्या ओरायझा निवारा या रानभाताचे. तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूने रोप खुजे राहते, गवतासारखे फुटवे फुटतात. सहा हजारांवर नमुने तपासले, त्यात प्रतिकार या एकाच नमुन्यात सापडला. तो घेऊन १९७४ मध्ये आयआर २८, २९ आणि ३० हे वाण आले, १९७६ मध्ये आयआर ३६. कडा करपा या रोगाला रोखणारे एक जनुक आफ्रिकेतल्या लाँजिस्टॅमिनाटा या रानभाताचे. ते सुधारित सांबा मसुरी या वाणात आहे.

शब्दाची खरी अडचण वेगळीच. आपल्यात भावकीत लग्न होत नाही, भातात नेमके उलटे. निवारा, रुफिपोगॉन आपल्या भाताच्याच जनुकगटातले, म्हणजे गुणसूत्रे एकमेकांशी जुळणारे, म्हणून संकर सहज जुळतो. ऑफिसिनॅलिस या दुसऱ्या रानभाताची गुणसूत्रे आपल्या भातासारखी चोवीसच, पण गट दुसरा. संकर केला तर दाण्यातला गर्भ मधेच मरतो. परागीकरणानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांत तो सोडवून नळीतल्या पोषक माध्यमात वाढवावा लागतो. तेव्हा 'रानभाऊबंद' सगळ्यांना म्हणा आणि ज्यांच्याशी संकर जुळतो त्यांनाच 'रानसोयरे'.

लोंबी: निवारासाठी मराठीत शब्द शोधायला नको. संस्कृतातले 'नीवार' तेच; १९६५ साली शर्मा आणि शास्त्री यांनी प्रजातीला नावही त्यावरूनच दिले. डबक्यात, ओढ्याकाठी आपसूक उगवणाऱ्या रानभाताला मराठीत 'देवभात' म्हणतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नसते, नांगराविना आलेले हे चालते.

गोळा करणाऱ्यांसाठी 'झडणे' हा शब्द पत्रकात हवाच. दाण्याच्या बुडाशी पेशींचा सुटणारा थर असतो. लागवडीच्या भातात तो पुरता होत नाही. रानभाताचे दाणे शेंड्याकडून पिकत येतात आणि हात लागला की झडतात. फुलोरा संपल्यावर लोंबीला मलमलीची पिशवी सैल बांधावी. प्लास्टिकची बांधली तर आत घाम धरून बुरशी येते. बी लगेच पेरले तर बरेचसे सुप्तच राहते. ५० अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवून, तूस काढून पेरावे.

करवीर: 'जनुकीय संसाधन'ऐवजी 'बेणे' चालेल?

खाचर: नाही. आपल्याकडे बेणे ऊस, हळद, आल्याचे. भाताचे बी किंवा बियाणे. साठ्याला 'जननद्रव्य' रूढ आहे, तेच ठेवा.

तरवा: एक शब्द सुचवते: 'पाठराखीण'. हव्या जनुकाशेजारची नको असलेली जनुके त्याला चिकटून येतात: दाणे झडणे, लांब कुसळ, तांबडा दाणा. नवरीबरोबर पाठराखीण येते तशी, आणि तिला परत पाठवावेच लागते.

संकराला मादी म्हणून आपला वाण घ्यावा. संध्याकाळी फुलाच्या तुसाचा वरचा तिसरा भाग कापून सहाही परागकोश काढावेत. एखादा राहिला तर स्वपरागीकरण होऊन संकर समजलेले रोप मूळ वाणच निघते. पिशवी घालून दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला रानभाताचे पराग झटकावेत. पुढे दर पिढीला मूळ वाणाशी पुन्हा संकर: रानभाताचा वाटा सरासरी ५० वरून २५, १२.५, मग ६.२५ टक्के. पण जनुकाला लागूनच असलेला तुकडा या हिशोबाने निघत नाही. ज्यांत गुणसूत्र नेमके त्या जागी तुटून तो तुकडा गळाला आहे, अशी रोपे शेकड्यांतून शोधावी लागतात. थोड्या रोपांवर भागवले तर प्रतिकार येतो आणि दाणे खाचरातच झडतात.

लोंबी: 'पाठराखीण' घ्या. आजऱ्यात समजावून सांगावे लागणार नाही.