भाकरी बंद करू का तूप? आप्पांचा रिपोर्ट बघून डोकं फिरलंय

विश्रामबागवाला: आप्पांचं वय 58, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 260, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 34, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 128 आलंय. आत्या म्हणते तूप तोडा, जिमवाला मित्र म्हणतो भात-भाकरी तोडा आणि आप्पा इकडं भडंगाची पुडी घेऊन बसलेत. नक्की काय कमी करायचं?

कृष्णाकाठ: ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असा रिपोर्ट असला की कार्ब (भात-भाकरी, साखर) कमी केल्याचा फायदा जास्त दिसतो बघा, ट्रायग्लिसराइड उतरतं, एचडीएल थोडं चढतं. एलडीएल मात्र लो-फॅटनं (तूप-तेल कमी करून) जास्त उतरतं. स्टॅनफर्डच्या 609 जणांच्या अभ्यासात (2018) वर्षभरानं हेच दिसलं, वजन मात्र लो-कार्ब आणि लो-फॅट दोन्ही गटांत सरासरी 5-6 किलोच उतरलं.

मिरजेची सून: पण भाकरी सोडून लोणी-पनीर हाणलं तर काहींचं एलडीएल उसळतं हां, आमच्या भावजींचं तसंच झालं, डॉक्टर ओरडले. त्यापेक्षा दोनाची एक भाकरी करा, मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे वाढवा, तीन महिन्यांनी परत तपासा. आणि गोड चहा पहिला बंद!

विश्रामबागवाला: चहा आज मोजला ताई, पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. भडंग लपवलंय, आप्पा सगळे डबे उघडून बघतायत 😅