ऐतिहासिक कादंबऱ्या सोडून दुसरं काय वाचू? (बेळगाव-खानापूर)

उद्यमबागी

नमस्कार मंडळी. राहायला खानापूर तालुक्यात, कामाला उद्यमबागेत फौंड्रीत. शाळा मराठीत झाली, पुढं डिप्लोमा इंग्रजीतनं. वाचायची सवय वडलांमुळं लागली, पण आमच्या घरात पुस्तक म्हणजे महाराज, पेशवे आणि पानिपत. त्यातही जाड कादंबरीच. आता असं झालंय की नवीन ऐतिहासिक कादंबरी उघडली की घोडा कुठं उधळणार आणि राणीसाहेब कधी डोळे पुसणार ते आधीच कळतंय.

मला सगळ्यातलं थोडं थोडं पाहिजे. कथा, आत्मचरित्र, जंगल, प्रवास, समाज, काहीही. 'मरण्यापूर्वी वाचायलाच हवीत' असल्या याद्या बघितल्या. त्यातलं एक वैचारिक पुस्तक आणलं आणि बसमध्ये मान टाकून झोपलो. गावातलं वाचनालय कुलूपबंद आहे. पुस्तकं आत, किल्ली कुणाकडं ते कुणालाच ठाऊक नाही. विकत घ्यायचं तर महिन्याला एखादं परवडेल. कन्नड सफाईनं बोलतो, वाचताना मात्र अडखळतो. कुठनं सुरुवात करू?

वडगावचा_पक्या

नेमाड्यांची 'कोसला' कादंबरी वाच. विषय संपला.

शहापूरच्या बाई

पक्या, तुझा विषय दर वेळी तिथंच संपतो. कोसला वाचेल की तो, पण त्यानं विचारलंय वेगळं.

उद्यमबागी, याद्यांच्या नादाला लागू नकोस. यादी करणाऱ्याला तू कोण, तुला काय आवडतं, काही माहीत नसतं. तुझ्याकडं आवड आहे, तिलाच धरून बाजूला सरक. मी शाळेत मुलांना हेच करायला लावायची: एक विषय घ्यायचा, त्यावरची एक रचलेली गोष्ट आणि एक खरीखुरी हकिकत, दोन्ही शेजारी ठेवून वाचायची. जोडी लावून.

तुझ्यापासूनच बघू. विश्वास पाटलांची 'पानिपत' तुमच्या घरात असणारच. ती परत काढ आणि तिच्या जोडीला त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' घे. शेजवलकर इतिहासकार. तिथं भाऊसाहेबांचा घोडा उधळत नाही. तिथं रसद कुठं तुटली, कुणाचं पत्र कुठं अडकलं, कोण कुणाला का मिळालं नाही, याचा हिशेब आहे. कादंबरीत जिथं तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिथं शेजवलकर वाचताना राग येतो. मला तरी आला.

मग विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. वरसईचे भिक्षुक, घरात कर्ज, म्हणून दानदक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि १८५७ च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा हे गावात होते. हे सगळं खरं, आणि वाचायला कुठल्याही कादंबरीपेक्षा जोरकस, कारण हा माणूस शूर असल्याचा आव आणत नाही. भूक लागली की भूक लागली म्हणतो. त्याच्या जोडीला नंदा खरे यांची 'अंताजीची बखर'. ती पूर्ण रचलेली, पण बखरीचा बाज असा पकडलाय की हे खरंच कुणी त्या काळात लिहिलं असणार असं वाटत राहतं. खरं पुस्तक कादंबरीसारखं आणि कादंबरी खऱ्यासारखी! दोन्ही वाचून झाल्यावर तुझ्या त्या राणीसाहेबांकडं परत बघ.

महाभारत आवडत असेल तर इरावती कर्वे यांचं 'युगान्त'. बाई मानववंशशास्त्राच्या, त्यामुळं कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडं देव्हाऱ्यातनं बघत नाहीत, घरातल्या माणसांकडं बघावं तशा बघतात. लेख सुटे आहेत, बसमध्ये एकेक होईल. त्याची जोडी आपल्या या बाजूचीच, भैरप्पांची 'पर्व'. मूळ कन्नड, मराठीत उमा कुलकर्णींनी आणली, आणि उमाताई मूळच्या बेळगावच्या. यजमान विरुपाक्ष कन्नड वाचून दाखवणार आणि या मराठीत उतरवणार, असा संसार. 'पर्व' मात्र जाड आहे, बसमध्ये नेऊ नकोस. मनगट धरतं.

कन्नड वाचताना अडखळतोस ना? अडखळू दे. 'पर्व'चं मराठी वाचून झालं की कन्नड प्रत आणून त्यातलं एखादंच प्रकरण वाच. काय लिहिलंय ते माहीत असलं की अक्षरं सुटत जातात. आपल्याकडं दोन्ही भाषांचं शेत आहे आणि आपण एकाच बांधावर बसून राहतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं. कुणी यावरनं इथं वाद काढू नका, मी पुस्तकांबद्दल बोलतेय.

उद्यमबागी

बाई, मानलं तुम्हाला. पण हे परत इतिहास-पुराणच झालं की! आमच्या घरामागं जंगल आहे, भीमगडाचा पट्टा. अस्वल बांधावर येऊन जातं. असलं काही?

शहापूरच्या बाई

मग आधी सांगायचंस की. मारुती चितमपल्ली, 'रानवाटा'. वनखात्यात आयुष्य गेलेला माणूस. जोडीला जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणलेलं 'रान'. मूळ लेखक अमेरिकन, कॉनरॅड रिक्टर. ओहायोच्या घनदाट झाडीत येऊन राहिलेलं एक कुटुंब. पुढं 'शिवार' आणि 'गाव'. तीन कादंबऱ्यांत झाडी तुटत तुटत वस्ती होते. तुमच्या तालुक्यात राहणाऱ्यानं तर वाचायलाच पाहिजे. आणि हे जी. ए. जन्मले चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्यात, शिकले बेळगावात, आयुष्यभर धारवाडला इंग्रजी शिकवलं. त्यांच्या स्वतःच्या कथा, 'काजळमाया' वगैरे, जरा थांबून घे. त्यांच्या जोडीला सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं, 'प्रिय जी. ए.'

निपाणीकर

बाईंची जोडीची युक्ती झकास. माझी एक भर. लेखक आवडला की त्याचं दुसऱ्या कपाटातलं पुस्तक मागायचं. मिलिंद बोकील यांची 'शाळा' सगळ्यांनी वाचलेली असते. त्यांचंच 'गोष्ट मेंढा गावाची' कितीजणांनी बघितलंय? गडचिरोलीतलं गाव जंगलावरचा हक्क कसा मिळवतं त्याची हकिकत. जंगलवाल्या भावाला तेही चालेल. लेखकाचा आवाज ओळखीचा असला की वैचारिकाची भीती वाटत नाही.

आणि अनिल अवचट सोडू नका. 'माणसं'. कष्टकऱ्यांवरचे लेख, भाषा एकदम साधी. मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. १९८१ साली इथं तंबाखूच्या दरासाठी शरद जोशींचं आंदोलन झालं, हायवे अडवला, गोळीबार झाला. घरात सगळे त्याबद्दल बोलायचे, पण आपल्या गल्लीसारख्या गल्लीतली माणसं छापील पुस्तकात येऊ शकतात हे मला अवचट वाचून कळलं. तोपर्यंत पुस्तकातली माणसं पुण्यातच राहतात असा समज होता.

वडगावचा_पक्या

कवितेचं कुणी नावच काढलं नाही. इंदिरा संत बेळगावात राहिल्या, लिहिल्या, आणि बेळगावकरच विसरले. 'गर्भरेशीम' घे, साहित्य अकादमीचं पारितोषिक आहे त्याला. जोडी पाहिजे असेल तर त्यांचीच 'मालनगाथा', बायकांच्या ओव्यांवरची. बघा, मलाही येतं जोडी लावायला.

शहापूरच्या बाई

शाबास! आता माझी पैशाची गोष्ट, मग मी भाकऱ्यांना लागते.

गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. तिथं सभासद हो, महिन्याला एक विकत घेण्यापेक्षा स्वस्तात पडेल. कुठल्याही वाचनालयात गेलास की आधी कपाटाकडं जाऊ नकोस. कपाटं विषयवार लावलेली असतात, तुझे पाय आपोआप ऐतिहासिककडंच वळणार. काउंटरवर लोकांनी परत आणून टाकलेला ढीग असतो ना, जागेवर लावायचा राहिलेला, तो चाळ. त्यात पाककृती, आत्मचरित्र, रहस्यकथा, शेअर बाजार सगळं एकमेकांवर पडलेलं असतं. शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठीही बघ. एकाच महिन्यात तीन-चार शिक्के असतील तर पुस्तक हातोहात फिरतंय. सात वर्षांत एकच शिक्का असेल तर तेही उघडून बघच, कधीकधी घबाड लागतं.

दिवाळीत वाचनालयं दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी काढतात, ती भर. एका अंकात कथा, लेख, कविता, कुणाच्या तरी आठवणी असं सगळं मिळतं. ज्याचं लिखाण आवडेल त्याचं नाव वहीत टिपायचं आणि जानेवारीत त्याचं पुस्तक मागायचं. माझी निम्मी खरेदी अशीच ठरते.

आणि हिवाळ्यात आपल्या खेड्यांत साहित्य संमेलनं होतात, कडोली, उचगाव, तिकडं कारदगा. भाषणं ऐकायची तर ऐक, नाहीतर मंडपाच्या कडेला पुस्तकांच्या स्टॉलवर वेळ काढ. दुपारच्या जेवणानंतर विक्रेताही निवांत असतो, सूट देतो.

उद्यमबागी

बाई, शनिवारी सुटल्यावर गणपत गल्लीत जातो. 'रान' आणि शेजवलकर दोन्ही मागतो. 'रान' आता छापील मिळतं का?

निपाणीकर

नवी प्रत दुकानात विचारून बघ. नाहीच मिळाली तर कोल्हापूरला करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करतो, माझं तिकडं येणंजाणं असतं. पण तिथनं आणलं तर वेळेत परत द्यायचं, कार्ड माझ्या मेव्हण्याचं आहे.