'जतन करा' म्हटलं की काम संपलं असं का वाटतं?

मूळ प्रश्न

नमस्कार. डिझाइनच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मी सध्या यूएक्सची, म्हणजे संगणकावरची साधनं वापरणाऱ्याला सोपी जावीत अशी घडवण्याच्या कामाची, इंटर्नशिप करते आहे. संपादकीय विभागातली माणसं ज्यात रोज मजकूर लिहितात, तपासतात आणि प्रसिद्ध करतात, ते कार्यालयातलं साधन सुधारायचं काम माझ्याकडे आहे. वाचकांना ते कधीच दिसत नाही.

त्यातलं 'सेव्ह'चं बटण आधीपासून 'जतन करा' असं आहे. एका ज्येष्ठ उपसंपादकांच्या शेजारी मी दोन दिवस नुसती बघत बसले होते. ते सगळी बातमी नोटपॅडमध्ये लिहायचे आणि अगदी शेवटी उचलून साधनात चिकटवायचे. मधेच संगणक बंद पडला तर लिहिलेलं जाईल, म्हणून मी कारण विचारलं. ते म्हणाले, "अजून दोन परिच्छेद फिरवायचेत. आत्ताच कशाला जतन करू?"

ते मला फार लागलं. बटण जागेवर होतं, रंगही ठळक होता, अडवत होता तो शब्द. 'जतन'ची ही छटा तुम्हालाही जाणवते का? आणि दुसरा कोणता शब्द चालेल: साठवा, ठेवा, राखून ठेवा?

प्रतिसाद

त्यांचा कान बरोबर आहे. 'जतन' हे संस्कृत 'यत्न'चंच मराठीत रुळलेलं रूप. आपण पोथ्या जतन करतो, जुनी नाणी जतन करतो, आठवणी जतन करतो. वस्तू पूर्ण झालेली आणि मोलाची असते, तिला धक्का लागू नये म्हणून केलेली खटपट म्हणजे जतन. अर्धवट बातमीला तो शब्द लावला की माणूस बिचकणारच.

'साठवा'मध्ये परिमाण येतं: धान्य, पाणी. 'राखून ठेवा' तर नकोच. निकाल राखून ठेवतात, म्हणजे तो अडवलेला असतो. 'ठेवा' सगळ्यांत जवळचा, पण बटणावर एकटा आला तर ते क्रियापद आहे की पूर्वजांचा ठेवा, हे क्षणभर कळत नाही. त्याला कर्म जोडा.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केलं आहे. आमच्याकडे अपुऱ्या लिखाणाला 'खर्डा' म्हणायचे. खरडलेला तो खर्डा, त्यावरूनच खर्डेघाशी. आणि छपाईला गेलं की 'पान सोडलं'. तुमच्या साधनात 'खर्डा ठेवा' आणि 'सोडा' अशी दोन बटणं केली तर डेस्कवरच्या कुणालाही शिकवावं लागणार नाही.

प्रतिसाद

'खर्डा' मलाही आवडतो, पण 'सोडा'ला माझा ठाम विरोध आहे. डेस्कवर 'पान' हा शब्द सोबत असतो म्हणून तो कळतो. पडद्यावर नुसतं 'सोडा' दिसलं तर बाहेर पडा, हे काम सोडून द्या, असाही अर्थ निघतो. एकच शब्द दोन उलट दिशांना नेत असेल तर तो बटणावर नको.

'मसुदा'चा विचार केलात का? मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'काळा केलेला': खाडाखोड करून शाईने काळा झालेला कागद. त्याच भाषेत स्वच्छ उतरवलेल्या प्रतीला 'पांढरी केलेली' म्हणतात. म्हणजे अजून फिरवाफिरव चालू आहे हे या शब्दाच्या पोटातच आहे. मात्र मराठीत तो कायद्याच्या आणि राज्यघटनेच्या मसुद्यामुळे भारदस्त झाला, तेवढं लक्षात घ्या.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मी साधनाचे पडदे कागदावर रेखाटून विभागातल्या पाच जणांना दाखवले. 'खर्डा' ज्येष्ठांना लगेच कळला, नव्यांनी मात्र तो तिखटाचाच ऐकला होता. 'कच्चं ठेवा' असंही करून पाहिलं, पण आपलं लिखाण कच्चं म्हटलेलं कुणालाच रुचलं नाही. 'मसुदा ठेवा' पाचही जणांना कळलं. भारदस्तपणा उलट बरा वाटला, असं एक जण म्हणाली.

यातून आणखी एक गोष्ट सापडली. बटणावरचं 'करा' नेमकं कोण कुणाला म्हणतं? माणूस यंत्राला सांगत असेल तर 'कर' हवं. 'करा' म्हटलं की यंत्रच माणसाला आदराने सांगतंय असं वाटतं. एरवी हे खटकत नाही, पण आमच्याकडे 'हा लेख रद्द करायचा?' असा प्रश्न येतो आणि खाली दोन बटणं: 'होय' आणि 'रद्द करा'. दुसऱ्याने लेख रद्द होतो की नुसता प्रश्न मिटतो? तीन जण इथे थांबले, आणि त्यातल्या एकीने खिडकीच बंद केली.

प्रतिसाद

तिथे 'होय' काढूनच टाका. 'लेख काढून टाका' आणि 'लेख राहू द्या' असं लिहा. प्रश्न न वाचतासुद्धा दोन्ही बटणं कळली पाहिजेत.

'जतन'वरून आठवलं: विकिपीडियानेही २०१६-१७ च्या सुमारास 'सेव्ह' काढून 'पब्लिश' असं बटण केलं. कारण तुमच्या बरोबर उलट होतं. बटण दाबताच लिखाण साऱ्या जगाला दिसणार, हे 'सेव्ह' म्हटल्यावर नवख्यांना कळत नसे. तुमचे उपसंपादक शब्दामुळे थांबले, ते लोक शब्दामुळे बेसावध राहिले.

प्रतिसाद

थोडं विषयांतर: 'इंटर्नशिप'ला मराठीत काय म्हणता? वैद्यकीय शिक्षणात 'आंतरवासिता' आहे, पण त्यात रुग्णालयात राहण्याचा अर्थ येतो. मला 'उमेदवारी' जवळची वाटते. निवडणुकीने ती पळवली, पण पूर्वी काम शिकण्यासाठी कुणाच्या हाताखाली राबणं म्हणजेच उमेदवारी करणं. शब्द फारसीतून आला, मुळात 'आशा धरून असलेला'.

मूळ प्रश्नकर्ती

उमेदवारी! आजपासून मी हाच शब्द वापरणार.

'मसुदा ठेवा' मंजूर झालं आहे. शिवाय लिखाण आपोआप ठेवण्याची सोयही येते आहे, म्हणजे ते बटण क्वचितच दाबावं लागेल. त्याऐवजी कोपऱ्यात एक ओळ दिसेल. आधी तिथे 'स्वयंचलित जतन यशस्वी' असं लिहिलं होतं. आता '३:४० पर्यंतचं लिखाण ठेवलं आहे' असं केलं. ज्येष्ठ उपसंपादकांना दाखवलं, तेव्हा त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "आणि त्यानंतर लिहिलेलं?" तेव्हा ती ओळ अजून पुरी झालेली नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा.