पेंग्विन कोणी लावला होता?

रविवार

[७:४१] गोखले, ए-४०१: 🌹 शुभ सकाळ 🌹 मन प्रसन्न तर दिवस प्रसन्न.

[८:०४] नेहा, बी-३०२: शुभ सकाळ नंतर. काल रात्री हॉलमध्ये काय दाखवलं ते मला कोणी सांगेल का? अर्णव रात्री तीनदा उठला. सकाळी दूध आणायला खाली पाठवला तर पंपरूमच्या बाजूच्या जिन्याने जाणारच नाही म्हणतो. "आई, खाली दोन मुलं कोंडलीत" म्हणे. नऊ वर्षांचा आहे तो.

[८:०६] नेहा, बी-३०२: आणि प्रोजेक्टर गणपतीतल्या मुलांच्या कार्यक्रमांसाठी वर्गणी काढून घेतलाय. फक्त आठवण करून देते.

[८:११] शिर्के, बी-४०३: हॉलची चावी कोणाकडे आहे? आज ५ वा. नातीचं बारसं आहे. सजावटवाला ११ ला येतोय.

[८:१५] राणे (सेक्रेटरी): नमस्कार नेहाताई. आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे. पावसामुळे गच्चीऐवजी हॉल वापरण्याची परवानगी युवकांनी तोंडी घेतली होती. कार्यक्रम पक्ष्यांविषयी असल्याचे सांगण्यात आले होते.

[८:१६] तन्मय, ए-३०४: 😂😂😂😂

[८:१७] ओंकार, ए-५०४: काका, मी फक्त "पेंग्विन" म्हणालो होतो. पक्षी तुम्ही जोडलात.

[८:१८] राणे (सेक्रेटरी): पेंग्विन पक्षीच असतो.

[८:२०] सुमन काकू, बी-१०३: राणीच्या बागेतले दाखवले का रे? आम्हाला नाही बोलावलंत. २०१६ ला कोरियाहून ८ आणले होते. मी नातवंडांना घेऊन गेले होते, काचेला नाक लावून बसली होती पोरं. किती गोड चालतात.

[८:२१] तन्मय, ए-३०४: काकू, ते ८ पेंग्विन, हे ८ एपिसोड. बाकी काही संबंध नाही. हा चालतो पण लंगडत, आणि माणसं मारतो.

[८:२४] ओंकार, ए-५०४: नेहाताई, मनापासून सॉरी. बॅटमॅनमधला व्हिलन आहे तो, त्याच्यावरची सिरीज. शेवटचे दोन भाग बाकी होते म्हणून सगळे एकत्र बघू म्हटलं. १८+ आहे म्हणून लहान मुलांना सुरुवातीलाच घरी पाठवलं होतं. अर्णव खुर्च्यांच्या थप्पीमागे बसला होता. लाइट लावल्यावर दिसला.

[८:२५] नेहा, बी-३०२: आणि त्याच्या हातात वेफर्सचं पाकीट आपोआप आलं का?

[८:२५] ओंकार, ए-५०४: हा संदेश हटवण्यात आला

[८:२६] नेहा, बी-३०२: वाचलं मी.

[८:३१] शिर्के, बी-४०३: हॉलची चावी कोणाकडे आहे? आज ५ वा. नातीचं बारसं आहे. सजावटवाला ११ ला येतोय.

[८:३३] वृषाली, बी-५०१: एक मिनिट!! कोणी शेवट सांगू नका प्लीज. मी चौथ्या भागावर आहे.

[८:३४] तन्मय, ए-३०४: चौथा म्हणजे सोफियाचा?

[८:३७] वृषाली, बी-५०१: हो. मी तो दोनदा बघितला. बापाने केलेले खून मुलीच्या नावावर, दहा वर्षं वेड्यांच्या इस्पितळात, आणि सगळे नातेवाईक गप्प. बाहेर आल्यावर पिवळा गाऊन घालून त्याच नातेवाइकांबरोबर जेवायला बसते ती. मी तर पूर्ण तिच्या बाजूने आहे.

[८:३९] नेहा, बी-३०२: त्याच रात्री गॅस सोडून सगळं घर मारते ना ती?

[८:३९] वृषाली, बी-५०१: लहान मुलीला वाचवते.

[८:४०] नेहा, बी-३०२: तुला कसं काय आवडतं गं हे.

[८:४१] वृषाली, बी-५०१: तुला कसं काय माहीत पण? 😏

[८:४५] नेहा, बी-३०२: मी सोफियापर्यंत बघितलंय. एकटीने. दार लावून, आवाज कमी करून. प्रश्न तो नाहीये.

[८:५२] गोखले, ए-४०१: मला बोलू द्या. हे पात्र १९४१ चं आहे, डिसेंबर, डिटेक्टिव्ह कॉमिक्स अंक ५८. उंच हॅट, एका डोळ्याची काच आणि छत्री. छत्रीतून गोळ्या सुटायच्या. नव्या लोकांनी छत्रीही काढली आणि काचही. नावसुद्धा छाटलं, कॉबलपॉटचा नुसता कॉब केला. मग उरलं काय? आमच्या वेळी इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ एक ठोसा मारायचा, कवटीची खूण उमटायची, विषय संपला. मुलं निर्धास्त झोपायची.

[८:५४] ओंकार, ए-५०४: काका, त्या माणसाचा मेकअप बघा एकदा. आत कॉलिन फॅरेल आहे, डब्लिनचा देखणा हिरो. शोधूनही सापडत नाही. आख्ख्या मालिकेत बॅटमॅन एकदाही येत नाही, तरी जागचं हलवत नाही.

[८:५५] गोखले, ए-४०१: बॅटमॅन नाही तर मग पकडतो कोण?

[८:५५] तन्मय, ए-३०४: कोणी नाही. तीच तर स्टोरी आहे काका.

[८:५७] गोखले, ए-४०१: इंद्रजालवरून आठवलं. माझा बांधून घेतलेला गठ्ठा २०११ च्या सत्यनारायणाला कोणीतरी "वाचून देतो" म्हणून नेला. नाव घेत नाही. बी विंग.

[८:५८] राणे (सेक्रेटरी): गोखले साहेब, हे विषयांतर आहे.

[८:५८] गोखले, ए-४०१: मी नाव घेतलं का?

[९:०२] शिर्के, बी-४०३: हॉलची चावी कोणाकडे आहे?? बारसं आहे.

[९:०३] ओंकार, ए-५०४: शिर्के काका, मी रात्री कुलूप लावून चावी वॉचमनच्या टेबलावर ठेवली होती.

[९:०४] शिर्के, बी-४०३: तिथे नाही.

[९:०५] सावंत, ए-५०४: ओंकार, बाहेरच्या खोलीत ये. पोहे गार होतायत आणि आई विचारतेय जीन्स धुवायला टाकू का.

[९:१६] परब, ए-२०३: मी सहसा या ग्रुपवर लिहीत नाही. का, ते सर्वांना ठाऊक आहे. पण काल मीही हॉलमध्ये होतो, मागच्या रांगेत. दोन शब्द लिहितो.

[९:१६] तन्मय, ए-३०४: 🍿

[९:२३] परब, ए-२०३: व्हिक्टर हा मुलगा. पुरात आईवडील, घर, सगळं गेलं. त्या ऑझची, म्हणजे पेंग्विनची, गाडी चालवली, त्याच्यासाठी माणूस मारला. शेवटच्या भागात तर सगळ्या टोळ्यांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसांना फोडून आणलं ते या पोराने, ऑझने नाही. आणि काम फत्ते झाल्यावर? नदीकाठच्या बाकावर बसवलं, गोड बोलला, पोरगं म्हणालं तुम्ही मला घरच्यासारखे, आणि त्याच बाकावर त्याचा गळा आवळला. पाकिटातले पैसे काढून घेतले, ओळखपत्र पाण्यात फेकलं. म्हणजे हा मुलगा कधी नव्हताच.

[९:२४] वृषाली, बी-५०१: परब काका!!!!!! मी सांगितलं होतं ना!!!

[९:२५] परब, ए-२०३: क्षमस्व. पण कन्व्हेयन्सच्या वेळी, जमीन सोसायटीच्या नावावर करायला, दोन वर्षं कचेरीत हेलपाटे कोणी घातले, आणि एजीएमला (वार्षिक सभेला) आभारात कोणाचं नाव नव्हतं, हे मला काल तो बाक बघून आठवलं.

[९:३१] राणे (सेक्रेटरी): परब साहेब, आपल्या योगदानाबद्दल कमिटीला नितांत आदर आहे. आभाराच्या यादीतील चूक टायपिंगची होती, हे इतिवृत्तात नमूद आहे.

[९:३२] परब, ए-२०३: चौदा नावं बरोबर टाईप झाली.

[९:३३] राणे (सेक्रेटरी): आपण मला पेंग्विन म्हणताय का?

[९:३३] परब, ए-२०३: मी एका मालिकेबद्दल बोलतोय.

[९:३४] सुमन काकू, बी-१०३: राणे भाऊजी चालतात थोडे तसे 🙈 गुडघ्यामुळे हो. राग मानू नका.

[९:३५] तन्मय, ए-३०४: काकू 😭😭😭

[९:४०] ओंकार, ए-५०४: परब काकांचं बरोबर आहे, पण मला वाटतं ऑझने त्याला पैशासाठी किंवा धोका म्हणून नाही मारलं. व्हिक्टरवर त्याचा जीव जडला होता म्हणून मारलं. सोफियाने त्याच्या आईला पकडून त्याला कसं नाचवलं ते त्याने नुकतंच बघितलं. माझं माणूस म्हणजे माझी नस, दुसऱ्याच्या हातात नको. हे आठ तास तयार केलंय त्यांनी. आपण हसत होतो त्याच्या बोलण्यावर, टाळ्या वाजवत होतो, आणि तिथे थोबाडीत बसते. काल हॉलमध्ये कोणी बोललं नाही शेवटी. तन्मयपण नाही.

[९:४१] तन्मय, ए-३०४: मी वेफर्स खात होतो.

[९:४२] गोखले, ए-४०१: पण एमी अवॉर्ड मिळालं सोफियाला, पेंग्विनला नाही. २०२५. मी वाचलंय.

[९:४४] वृषाली, बी-५०१: मिळणारच. (मी अजून चौथ्यावरच आहे. सगळं कळलंच आहे तर सांगा आता, त्या कोंडलेल्या मुलांचं काय?)

[९:४९] ओंकार, ए-५०४: सातवा भाग. ऑझ लहान असताना दोन भाऊ जमिनीखालच्या बोगद्यात लपाछपी खेळायला उतरतात, याचा पाय अधू म्हणून याला वर ठेवून. हा रागाने दार लावून घेतो. वर धो धो पाऊस. आणि हा घरी जाऊन आईच्या कुशीत पिक्चर बघत बसतो. सांगतच नाही.

[९:५०] नेहा, बी-३०२: हेच. हेच बघून माझा मुलगा झोपला नाही. आणि आपल्याकडे काय आहे? जमिनीखाली टाकी, बाजूला पंपरूम, समोर हिंदमाताचा सखल चौक. त्याला हे बॅटमॅनच्या गॉथम शहरात झालं हे सांगून पटेल का? दर पावसात बघतो तो पाणी गेटपर्यंत आलेलं.

[९:५३] सुमन काकू, बी-१०३: २००५ च्या २६ जुलैला आमच्या कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत होतं. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला म्हणाले. तेव्हा तळमजल्यावरच्या आम्हा सगळ्यांना वर घेतलं लोकांनी.

[९:५४] परब, ए-२०३: आणि मीटर रूममध्ये छातीभर पाण्यात उतरून मेन स्विच कोणी पाडला?

[९:५५] सुमन काकू, बी-१०३: तुम्हीच हो परब भाऊजी. मी विसरले नाही. भिजलेली बुंदी खाल्ली होती तुम्ही माझ्या हातची त्या रात्री.

[९:५६] ओंकार, ए-५०४: पूर तिथेही आहे. आधीच्या पिक्चरमध्ये समुद्राची भिंत बॉम्बने उडवतात, मालिका त्यानंतर आठवड्याने सुरू होते. बुडते ती व्हिक्टरची गरीब वस्ती. तो गच्चीवरून बघत असतो.

[१०:०८] मालती सिस्टर, बी-२०४: नेहा, मी पण होते काल. झोप येत नाही मला, म्हणून आले होते. मला त्या पोराच्या मरणापेक्षा आईचं लागलं. ती त्याला आधीच सांगून ठेवते, माझं डोकं पूर्ण गेलं की मला तशी जगवू नकोस. तो हो म्हणतो. आणि शेवटी तिला झटका येतो, काही कळत नाही, तर तिला शहर दिसेल अशा उंच घरात झोपवून ठेवतो. आईला असं घर हवं होतं ना, दिलं मी, म्हणून. तिच्या डोळ्यातून एक थेंब येतो आणि हा शेजारी दुसऱ्या बाईला आईसारखे कपडे घालून नाचतो.

[१०:१९] मालती सिस्टर, बी-२०४: मी केईएम हॉस्पिटलमध्ये उभी हयात काढली. आमच्यातल्याच सिस्टर अरुणाताई शानभाग, हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या, १९७३ पासून मे २०१५ पर्यंत तिथे पडून होत्या. बेचाळीस वर्षं. अंगावर एक जखम होऊ दिली नाही सिस्टरांनी. २०११ ला सुप्रीम कोर्टात त्यांच्या दयामरणाचा विषय आला तेव्हा आम्ही सगळ्या म्हणालो, आम्ही सांभाळतो. आमचं बरोबर होतं का, ते मी अजून रात्री घोळवते. पण आम्ही त्यांना मासे आवडतात का, कुठल्या आवाजाने त्रास होतो, एवढं तरी बघत होतो. याने आईकडे बघितलंच नाही. आरशात बघितलं.

[१०:३१] गोखले, ए-४०१: फॉरवर्ड केलेला: पावसाळ्यात आल्याचा रस का घ्यावा? ९ फायदे 👇

[१०:३२] तन्मय, ए-३०४: काका 🙏

[१०:३२] गोखले, ए-४०१: हा संदेश हटवण्यात आला

[१०:३६] नेहा, बी-३०२: सिस्टर, खाली येते मी तुमच्याकडे चहाला.

[१०:४०] शिर्के, बी-४०३: सर्वांच्या भावनांचा आदर ठेवून विचारतो. हॉलची चावी कोणाकडे आहे? सजावटवाला निघालाय.

[१०:४४] ओंकार, ए-५०४: 😬 शिर्के काका... आई म्हणतेय वॉशिंग मशीनमध्ये काहीतरी खडखडतंय.

[१०:४५] सावंत, ए-५०४: चालू मशीनचं दार उघडत नाही. ४८ मिनिटं दाखवतंय. मी सर्वांची माफी मागतो.

[१०:४६] शिर्के, बी-४०३: म्हणजे वॉचमनच्या टेबलावर नव्हती.

[१०:४८] राणे (सेक्रेटरी): यापुढे हॉलच्या वापराकरिता लेखी अर्ज, मालिकेचे पूर्ण नाव व वयोमर्यादा नमूद करणे बंधनकारक राहील. शिर्के साहेब, डुप्लिकेट चावी ऑफिसच्या कपाटात असायला हवी. बघून सांगतो.

[१०:५५] राणे (सेक्रेटरी): कपाटात नाही.

[११:०१] परब, ए-२०३: हॉल, गच्ची, पंपरूम, मीटर रूम, चारही डुप्लिकेट माझ्याकडे आहेत. खजिनदार असल्यापासून. एजीएमनंतर कोणी मागितल्याच नाहीत.

[११:०२] तन्मय, ए-३०४: 👀

[११:०५] राणे (सेक्रेटरी): परब साहेब, कृपया घेऊन खाली येता का? मी गुलमोहराखाली बाकावरच बसलोय.

[११:०६] परब, ए-२०३: येतो. तुम्ही बाकावरून उठून गेटपाशी उभे राहा.

[११:०६] ओंकार, ए-५०४: 😂😂😂

[११:०८] परब, ए-२०३: नेहा, अर्णवला पाठव माझ्याबरोबर. पंपरूम उघडून टॉर्च मारून दाखवतो त्याला. आत दोन पंप आहेत आणि गोखल्यांचा वेताळाचा गठ्ठा आहे.

[११:०९] गोखले, ए-४०१: काय???

[११:१०] राणे (सेक्रेटरी): हा संदेश हटवण्यात आला

[११:१२] शिर्के, बी-४०३: सजावटवाला आला. पाळणा टेम्पोत भिजतोय. लवकर या.